पायांची रात्रपाळी

अशा रुग्णांच्या फाइली जाडजूड असतात. कमरेचा एमआरआय, पायांच्या शिरांचा डॉपलर, बी-१२, ड जीवनसत्त्व, साखर, युरिक अ‍ॅसिड, थायरॉइड. आणि जवळजवळ प्रत्येक कागदावर ‘नॉर्मल’ हा शेरा. मधूनमधून कॅल्शियमच्या, ताकदीच्या आणि झोपेच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या. फाइल कपाटात जाते, जेवणं होतात, आवराआवर होते, अंथरुणाला पाठ टेकते आणि तासाभरात पोटऱ्यांच्या आत ते पुन्हा सुरू होतं.

‘ते’ म्हणजे काय, हे सांगताना माणसं अडखळतात. दुखतं का, तर तसं दुखत नाही. मुंग्या येतात का, तर अगदी मुंग्याही नाहीत. आतून शिवशिवतं, कुणीतरी पाय ओढतंय असं वाटतं, हाडात किडे वळवळतायत असं वाटतं. नेमका शब्द सापडत नाही, पण एक गोष्ट सगळे ठामपणे सांगतात: पाय हलवल्याशिवाय राहवत नाही. झटकावेत, चोळावेत, भिंतीवर टेकवावेत, नाहीतर सरळ उठून चालायला लागावं. स्वयंपाकघरापर्यंत दोन फेऱ्या मारल्या की सगळं शांत. पुन्हा आडवं झालं की पुन्हा तेच. घरोघरी यावर उपायही ठरलेले असतात. ओढणीने पोटऱ्या करकचून बांधायच्या, गार फरशीवर पाय टेकवायचे, तिळाच्या तेलाने रगडायचे, नातवंडाला पायांवर उभं करायचं. पहाटे तीन-चारच्या पुढे कधीतरी डोळा लागतो आणि सहाला दूधवाला येतो.

वैद्यकात या आजाराला रेस्टलेस लेग्ज सिंड्रोम म्हणतात, थोडक्यात आरएलएस. विलिस-एकबॉम आजार हे त्याचं दुसरं नाव. युरोप आणि उत्तर अमेरिकेत शंभरातल्या पाच ते दहा जणांना तो कमीजास्त प्रमाणात असतो आणि दोन-तीन जणांना इतका की उपचारांवाचून चालत नाही. आशियात प्रमाण कमी आढळतं. बंगळुरूच्या एका पाहणीत ते दोन टक्क्यांच्या आसपास निघालं. पण दोन टक्के म्हणजेही पन्नास माणसांत एक. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये तो साधारण दुप्पट दिसतो आणि वय वाढेल तसा वाढत जातो.

तो ओळखायला मशीन लागत नाही. संध्याकाळी निवांत बसलं किंवा रात्री झोपायला गेलं की पायांत नकोशी अस्वस्थता येते का, आणि उठून चाललं, पाय हलवले की ती थांबते का, एवढा एक प्रश्न डॉक्टरांनी विचारला तरी बहुतेक रुग्ण हाताशी लागतात. निदानाचे निकष या प्रश्नाचाच विस्तार आहेत. पाय हलवण्याची अनावर इच्छा हवी. ती विश्रांती घेताना सुरू व्हायला हवी किंवा वाढायला हवी. हालचालीने, निदान हालचाल चालू असेपर्यंत तरी, आराम पडायला हवा. त्रास दिवसापेक्षा संध्याकाळी आणि रात्री जास्त हवा. आणि हे सगळं दुसऱ्या एखाद्या दुखण्यामुळे होत नाही, याची खात्री हवी.

शेवटच्या अटीवर घोटाळे फार होतात. झोपेत पोटरीत गोळा येतो, तो वेगळा. त्यात स्नायू दगडासारखा घट्ट होतो, कळ जीवघेणी असते आणि ताण दिला की ती उतरते. मधुमेहात नसा बिघडल्या की तळपायांची आग होते, ते बधिर होतात, पण चालल्याने ती आग विझत नाही आणि ती सहसा दिवसाही असते. गुडघ्याची झीज चालल्यावर बोलते, बसल्यावर गप्प होते. आरएलएसची रीत नेमकी उलटी. फुगलेल्या शिरांचा त्रास बराच वेळ उभं राहिल्यावर वाढतो आणि पाय उंचावर ठेवून पडलं की कमी होतो. बसल्या बसल्या पाय हलवण्याची सवय अनेकांना असते, त्यावरून घरातली वडीलधारी दटावतातही. पण ती नुसती सवय असते. पाय हलतोय हे त्या माणसाला माहीतही नसतं आणि थांबवला तर त्याचं काही अडत नाही. आरएलएसच्या रुग्णाला थांबवून पाहा, त्याच्या जिवाची घालमेल होते.

या रुग्णांपैकी साधारण ८० टक्के लोकांचे पाय झोप लागल्यावरही गप्प बसत नाहीत. पायाचा अंगठा वर वळतो, घोटा, कधी गुडघाही आक्रसतो, सैल होतो, आणि वीस ते चाळीस सेकंदांनी पुन्हा तेच. रुग्णाला याची खबर नसते. खबर असते ती शेजारी झोपणाऱ्याला, ज्याला रात्रभर लाथा बसतात. म्हणून अशा रुग्णासोबत नवऱ्याने किंवा बायकोने दवाखान्यात जाणं फार उपयोगाचं ठरतं.

या आजाराचं वर्णन नवं नाही. टॉमस विलिस हा १७व्या शतकातला इंग्रज वैद्य. मेंदूच्या तळाशी असलेलं रक्तवाहिन्यांचं वर्तुळ आजही त्याच्या नावाने ओळखलं जातं. १६७२ मध्ये लॅटिनमध्ये छापलेल्या ग्रंथात त्याने अशा रुग्णांबद्दल लिहिलं. अंथरुणावर पडताच त्यांच्या हातापायांना अशी ओढ लागते आणि इतकी तगमग होते की छळाच्या जागी टाकलेल्या माणसाइतकीच त्यांना झोप दुर्लभ होते, असं त्याचं निरीक्षण होतं. त्याने उपचार केला तो अफूच्या अर्काचा.

मग जवळजवळ पावणेतीनशे वर्षं हा आजार वैद्यकाच्या कडेला पडून राहिला. १८६१ मध्ये विटमाक या जर्मन वैद्याने त्याची नोंद केली, पण तो मनाचा, उन्मादाचा प्रकार समजून. ही समजूत पुढे फार काळ टिकली आणि आजही अनेक दवाखान्यांत टिकून आहे. ‘टेन्शन घेऊ नका’ हा सल्ला तिथूनच येतो. ज्या बाईला रात्री दोन वाजता घरभर फिरावं लागतं, तिला टेन्शन असणारच. पण ते झोपमोडीने आलंय का, हे तिला कुणी विचारत नाही. आरएलएसच्या रुग्णांत नैराश्याचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त असतं, हे अनेक अभ्यासांत दिसलं आहे. सुनेचे नखरे, म्हाताऱ्याचा भ्रम, पोराचा चाळा अशी लेबलं लावणाऱ्या घरांनी एवढं तरी ध्यानात घ्यायला हवं.

१९४४-४५ मध्ये कार्ल-अ‍ॅक्सेल एकबॉम या स्वीडिश मेंदूविकारतज्ज्ञाने या आजाराचं सविस्तर वर्णन केलं आणि आजचं नाव दिलं. पण त्याचं खरं मोठेपण पुढच्या निरीक्षणांत आहे. हा त्रास गरोदर बायकांमध्ये, अंगात लोह कमी असलेल्यांमध्ये आणि वारंवार रक्तदान करणाऱ्यांमध्ये जास्त दिसतो, हे त्याच्या लक्षात आलं. तिन्ही ठिकाणी समान दुवा एकच: लोह. १९५३ मध्ये नॉर्डलँडर या त्याच्या देशबांधवाने रुग्णांना शिरेतून लोह दिलं आणि बहुतेकांचे पाय शांत झाल्याचं नोंदवलं. इतका सरळ धागा हाती असूनही तो पुढे काही दशकं सुटला.

मेंदूत डोपामिन नावाचं रसायन तयार होतं आणि हालचालींवर त्याचा ताबा असतो. ते तयार करणाऱ्या विकराला लोह लागतं. २००३ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी आरएलएसच्या मृत रुग्णांचे मेंदू तपासले. हालचालींशी संबंधित एका केंद्रातल्या पेशींमध्ये लोहाचा साठा चक्क कमी निघाला. त्याआधी, जिवंत रुग्णांच्या मणक्यातल्या पाण्यातही लोह साठवणारं प्रथिन कमी असल्याचं दिसलं होतं, आणि तेही रक्तातलं लोह ठीक असताना. म्हणजे रक्तात पुरेसं लोह असूनही मेंदूपर्यंत ते पोहोचत नाही, असं या लोकांत घडतं. संध्याकाळनंतर मेंदूतली डोपामिनची क्रिया रोजच्या चक्रानुसार उतरते. ज्याच्याकडे आधीच तुटवडा आहे, त्याला तो उतार जाणवतो. दिवसभर धडधाकट असलेल्या माणसाचे पाय रात्रीच का बंड करतात, याचं आज पटण्याजोगं उत्तर ते हेच.

आनुवंशिकताही आहे, आणि जोरदार. निम्म्याहून अधिक रुग्णांच्या घरात आणखी कुणालातरी हा त्रास असतो. पंचेचाळिशीच्या आत सुरू झालेल्यांमध्ये तर हटकून. २००७ मध्ये यातली पहिली जनुकं सापडली. २०२४ पर्यंत जनुकसंचात या आजाराशी निगडित अशी १६४ ठिकाणं हाती आली आहेत. आईचे पाय रात्री चेपून देणाऱ्या मुलीला चाळिशीत तोच त्रास होतो, त्यामागे पाय चेपण्याची सवय नसते.

आता त्या जाडजूड फाइलकडे परत जावं लागतं, कारण तिच्यात बहुतेकदा एक तपासणी नसते, किंवा असली तरी तिचा अर्थ चुकीचा लावलेला असतो. ती तपासणी म्हणजे फेरिटिन. हिमोग्लोबिन म्हणजे डब्यातलं रोजचं पीठ मानलं, तर फेरिटिन म्हणजे कणगीतलं धान्य. डबा भरलेला दिसतो आणि कणगी तळाला गेलेली असते. हिमोग्लोबिन १२ असलेल्या बाईचं फेरिटिन १५ असू शकतं. प्रयोगशाळेच्या छापील मर्यादेत १०-१२च्या वरचा आकडा बसून जातो, शेजारी कुठलीही खूण येत नाही, आणि डॉक्टर पान उलटतात.

आरएलएसच्या रुग्णासाठी मात्र ही मर्यादा चालत नाही. २०१८ मध्ये या आजारावरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने, आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतल्या निद्राविकारतज्ज्ञांच्या संस्थेने सल्ला दिला आहे तो असा: प्रौढ रुग्णाचं फेरिटिन ७५ किंवा त्याहून कमी असेल, तर लोह द्यावं. ७५ ते १०० च्या दरम्यान असेल, तर शिरेतून देण्याचा विचार करावा, कारण साठा तेवढा असताना आतडं तोंडावाटे दिलेलं लोह फारसं शोषून घेत नाही. १५ आणि ७५ मधलं अंतर किती मोठं आहे! या दोन आकड्यांच्या मध्ये असंख्य बायका ‘नॉर्मल’चा कागद घेऊन जागत असणार.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१च्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात ५४ टक्के. प्रत्येक रक्तक्षयाचं कारण लोहाची कमतरता नसते आणि लोह कमी असलेल्या प्रत्येकीचे पाय वळवळत नाहीत. पण लोहाच्या कमतरतेमुळे रक्तक्षय झालेल्यांचा एक अमेरिकी अभ्यास आहे, त्यात चारांपैकी जवळजवळ एका रुग्णाला उपचार करावे असा आरएलएस होता. त्या प्रमाणाच्या जवळपासही आपण असलो, तर हा आजार महाराष्ट्रातल्या वाड्यावस्त्यांवर किती मुकाट्याने पसरलेला असेल, याची कल्पना करता येते.

फेरिटिन तपासताना थोडी काळजी लागते. अंगात ताप, जंतुसंसर्ग किंवा सूज असेल, तर हा आकडा खोटा वाढतो. म्हणून सोबत ट्रान्सफेरिन सॅच्युरेशनही पाहतात; ते २० टक्क्यांच्या खाली गेलं तर फेरिटिन काहीही म्हणो, लोह कमी आहे. रक्त सकाळी, उपाशीपोटी द्यावं आणि लोहाची गोळी चालू असेल तर ती आदल्या दिवशी टाळावी.

गोळीही कशी घ्यायची, हे कुणी सांगत नाही आणि मग ती फुकट जाते. ती चहाबरोबर घेतली तर चहातली द्रव्यं लोहाला धरून ठेवतात. कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतली तर दोघांची शोषणासाठी झटापट होते. लिंबूपाण्याबरोबर, शक्यतो उपाशीपोटी आणि अनेकदा एक दिवसाआड घेतलेली गोळी जास्त लागू पडते, कारण एका मात्रेनंतर शरीर काही काळ लोहाचा दरवाजा स्वतःच ओढून घेतं. एक दिवसाआड घेतली तर मळमळ आणि बद्धकोष्ठही कमी होतं. फरक दिसायला आठवडे लागतात, साठा भरायला महिने. साधारण तीन महिन्यांनी फेरिटिन पुन्हा पाहावं. लोखंडी कढईतली भाजी, अळिवाचा लाडू, पालेभाजीवर लिंबू, मांसाहार करणाऱ्यांना मटण आणि कलेजी, जेवणानंतर तासभर चहा नाही, हे सगळं चांगलंच. पण १५चं फेरिटिन नुसत्या आहाराने ७५च्या पुढे न्यायला फार काळ लागतो, आणि जागणाऱ्या माणसाकडे तेवढा धीर नसतो.

गोळ्या सोसत नसतील किंवा त्रास तीव्र असेल, तर शिरेतून लोह देतात. फेरिक कार्बॉक्सिमाल्टोज हे औषध त्यासाठी सर्वात जास्त अभ्यासलं गेलं आहे. ते सलाइनमधून, देखरेखीखाली देतात आणि परिणाम दिसायला चार ते सहा आठवडे वाट पाहावी लागते. काही जणांच्या रक्तातलं फॉस्फेट त्याने उतरतं, त्यावर डॉक्टरांची नजर हवी.

इथे एक इशारा कळकळीने द्यायला हवा. तपासणी न करता लोह सुरू करू नये. थॅलेसिमियाचं एक जनुक वाहणाऱ्या माणसाचं हिमोग्लोबिन कमी दिसतं, पण लोह पुरेसं किंवा जास्तही असू शकतं. आपल्याकडे सिंधी आणि इतर काही समाजांत असे वाहक बरेच आहेत. आणि फेरिटिन कमी निघालं तर ते का, हेही शोधावं लागतं. पाळीत फार रक्त जातं का, मूळव्याध आहे का, वेदनाशामक गोळ्यांनी जठरात व्रण पडलाय का? पन्नाशीच्या पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं लोह कमी असेल, तर आतड्यातून कुठे रक्त झिरपतंय का, हे पाहिल्याशिवाय थांबू नये. तिथे पायांची वळवळ ही एखाद्या मोठ्या दुखण्याची पहिली खूणही असू शकते.

फाइलीतल्या दुसऱ्या एका कागदाकडेही पाहावं लागतं: चालू औषधांची यादी. सर्दीवर आणि खाजेवर दिल्या जाणाऱ्या, गुंगी आणणाऱ्या अ‍ॅलर्जीच्या गोळ्या आरएलएस भडकवतात. झोप येत नाही म्हणून अनेक जण नेमक्या याच गोळ्या मेडिकलमधून आणून घेतात, आणि पाय अधिकच उसळतात. उलटीवरचं मेटोक्लोप्रमाइड हे डोपामिनच्या वाटेत आडवं येतं, म्हणून त्याने त्रास वाढतो. डोम्पेरिडोन मेंदूत फारसं शिरत नसल्याने तुलनेने बरं. नैराश्यावरची बरीचशी औषधं आणि मनोविकारांवरची काही औषधं पायांची अस्वस्थता वाढवू शकतात. ही औषधं मनाने बंद करणं धोक्याचं आहे. पण गोळी सुरू झाली त्या महिन्यातच पाय सुरू झाले का, हे आठवून डॉक्टरांना सांगितलं, तर पर्याय शोधता येतो.

गरोदरपणात शेवटच्या तीन महिन्यांत साधारण पाचांतल्या एका बाईला हा त्रास होतो. प्रसूतीनंतर काही आठवड्यांत तो बहुधा आपोआप जातो, आणि हे तिला आधी कुणी सांगितलं तर निम्मी भीती तिथेच सरते. मूत्रपिंडं निकामी झालेल्यांची कथा जास्त कष्टाची. डायलिसिससाठी आठवड्यातून दोन-तीन वेळा, दरवेळी चार-चार तास, हाताला सुया लावून एका जागी पडून राहायचं आणि पाय मात्र उठ म्हणून ओरडतायत, ही अवस्था शब्दांत सांगता येणार नाही. काही रुग्ण त्यापायी डायलिसिस अर्ध्यावर सोडून उठतात. खाटेवर पडल्या पडल्या पायांनी फिरवायचं पेडल लावून दिलं तर बऱ्याच जणांना आराम मिळतो. मूत्रपिंडाचं यशस्वी प्रत्यारोपण झालं, तर हा त्रास पुष्कळदा मिटतो.

लोह भरूनही भागत नाही तेव्हा इतर औषधं येतात, आणि या औषधांच्या इतिहासात एक मोठं वळण आहे. ते रुग्णांना माहीत असायला हवं, कारण जुन्या चिठ्ठ्या अजून चालू आहेत. २००५ मध्ये रोपिनिरोल आणि पुढच्या वर्षी प्रामिपेक्सोल या पार्किन्सनवरच्या औषधांना अमेरिकेत आरएलएससाठी मान्यता मिळाली. पहिल्याच रात्री पाय शांत होत. रुग्ण डॉक्टरांचे आभार मानत. वर्षं जात तसं काही विचित्र घडू लागे. रात्री अकराला येणारा त्रास संध्याकाळी सातला, मग दुपारी चारला येई. पायांत होता तो हातांत चढे. औषध वाढवलं की चार महिने बरं आणि मग आधीपेक्षा वाईट. लेव्होडोपा या पार्किन्सनवरच्याच आधीच्या औषधाबाबत ही गोष्ट १९९६ मध्येच नोंदली गेली होती. औषधानेच आजार फुगतो, हे मान्य व्हायला मात्र फार वेळ लागला. शिवाय काहींना या गोळ्यांनी जुगाराचं, खरेदीचं अनावर वेड लागलं आणि संसार उद्ध्वस्त झाले. २०२५च्या सल्ल्यात या औषधांचा सर्रास वापर टाळावा असं म्हटलं आहे. ज्यांची ती अनेक वर्षं चालू आहेत, त्यांनी एकदम थांबवू नयेत. मात्रा हळूहळू उतरवावी लागते आणि ते दिवस फार वाईट जातात, म्हणून डॉक्टर सोबत हवेत.

आज आधी वापरतात ती गॅबापेन्टिन आणि प्रीगॅबालिन. त्यांनी पेंग येते, चक्कर येते, पाय सुजतात, वजन वाढतं. म्हाताऱ्या माणसांनी रात्री उठताना पडू नये म्हणून मात्रा कमीपासून सुरू करतात. मूत्रपिंड कमजोर असेल तर ती आणखी कमी ठेवावी लागते. यांनीही ज्यांचं भागत नाही, अशा मोजक्या रुग्णांना तज्ज्ञांच्या देखरेखीखाली अफूच्या वर्गातली औषधं अगदी कमी मात्रेत देतात. विलिसने साडेतीनशे वर्षांपूर्वी अंदाजाने उचललेला उपाय असा काटेकोर नियमांनिशी अजून वापरात आहे. गुडघ्याखाली दोन्ही पायांना पट्टे बांधून तिथल्या नसेला सौम्य विद्युत स्पंदनं देणारं एक उपकरणही आता अमेरिकेत मान्य झालं आहे. चालण्याने जो संदेश मेंदूला जातो, तसाच काहीसा संदेश ते झोपलेल्या माणसाच्या पायातून पाठवतं.

रोजच्या जगण्यात काय करता येतं? संध्याकाळचा चहा-कॉफी काही आठवडे बंद करून पाहावी. दारूने आधी गुंगी येते आणि मध्यरात्री पाय उसळतात. तंबाखू आणि मशेरी सोडण्याचा सल्ला या आजारातही दिला जातो. रोज मध्यम व्यायामाने फरक पडतो, पण रात्री नऊला जिममध्ये घाम गाळल्याने बिघडतंच. झोपण्याआधी गरम पाण्यात पाय, किंवा कुणाला गारच पाणी मानवतं. पोटऱ्यांना ताण, चोळणं, घट्ट मोजे. करकचून ओढणी बांधू नये, रक्ताभिसरण अडतं. मन गुंतलं की त्रास ओसरतो, हे तर जवळजवळ प्रत्येक रुग्ण अनुभवाने शिकतो. शब्दकोडं, विणकाम, बुद्धिबळ, कुणाशी रंगलेला वाद यांत तास जातो आणि पाय गप्प असतात. तेच नुसतं बसून टीव्ही पाहताना दहा मिनिटं कठीण जातात. पहाटेपासून सकाळी दहापर्यंतची वेळ या रुग्णांसाठी बहुधा सर्वात शांत असते. ज्यांना कामाच्या वेळा बदलता येतात, त्यांनी उशिरा झोपून उशिरा उठावं आणि त्याबद्दल घरच्यांनी टोमणे मारू नयेत. एमआरआय, दाताचं काम, लांबचा प्रवास सकाळी ठेवावा. पुणे-नागपूर रात्रीच्या बसमध्ये जावंच लागलं तर मधल्या वाटेच्या कडेचं आसन मागून घ्यावं, नाटकाला गेलं तर रांगेच्या टोकाचं.

मुलांमध्येही हा आजार होतो आणि तिथे तो हमखास निसटतो. आठ वर्षांचं मूल ‘पाय दुखतात’ एवढंच सांगतं आणि वाढीच्या वयातलं दुखणं म्हणून तेल लावून विषय संपतो. वर्गात ते एका जागी बसत नाही, चिडचिडतं, रात्री नीट झोपलेलं नसतं, आणि चंचल म्हणून शिक्का बसतो. मुलांमध्ये फेरिटिन ५०च्या खाली असेल तर बालरोगतज्ज्ञ लोहाचा विचार करतात. अशा मुलाच्या आईला किंवा बापाला रात्री पायांचा त्रास आहे का, या प्रश्नाचं उत्तर अनेकदा निदान पक्कं करतं.

पहिली भेट नेहमीच्या डॉक्टरांचीच असावी. तिथे भागलं नाही तर मेंदूविकारतज्ज्ञ किंवा निद्राविकारतज्ज्ञ. जाण्याआधी आठवडाभर एका वहीत साधी नोंद ठेवावी: त्रास किती वाजता सुरू झाला, कशाने थांबला, त्या दिवशी चहा किती वेळा झाला, कोणती गोळी घेतली, झोप किती वाजता लागली. घरातल्या सगळ्या औषधांच्या पाकिटांचा फोटो मोबाइलमध्ये असावा, सर्दीच्या गोळीसकट. जुने रिपोर्ट नेताना फेरिटिनचा कागद सर्वात वर ठेवावा आणि त्यातला आकडा स्वतः वाचून जावा. आणि आई, मावशी, आजोबा रात्री पाय झटकत उठून बसायचे का, हे घरातल्या थोरांना विचारून घ्यावं.